बाजारच्या दिवशी चार फूट जागा

प्रति,
मराठवाड्यातल्या नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी,
तसेच नगर पथविक्रेता समित्यांचे सर्व सदस्य यांना

विषय : आठवडी बाजारात स्थानिक चित्रकथांच्या विक्रीसाठी बसायला जागा आणि पावती मिळण्याबाबत

महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

मी चित्रकथा काढते. चौकटी आखायच्या, त्यांत माणसं काढायची, त्यांच्या तोंडी फुग्यात वाक्यं घालायची आणि गोष्ट पुढं न्यायची, हे माझं काम. आता सगळे त्याला कॉमिक्स म्हणतात. आम्ही चौघं मिळून हे करतो. लिहिणारा एक, रेखाटणाऱ्या आम्ही दोघी आणि छपाई-हिशेब बघणारा एक. आमच्यामागं प्रकाशक नाही. कागद आम्हीच आणतो, तालुक्याच्या प्रेसमध्ये छापून घेतो, घरी पानं दुमडून मधोमध पिना मारतो आणि बाजारच्या दिवशी पेट्या भरून एसटीनं जातो. तीन वर्षं झाली. कधी मंगळवारचं गाव, कधी शुक्रवारचं.

खाली जे सांगणार आहे ते त्यांतल्या एका गावात झालं. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावचे साहेब हे वाचतील तेव्हा त्यांना कळेलच, आणि बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही, कारण आमचा माल कुठल्याच गावाच्या दरपत्रकात नाही.

नागपंचमीच्या आधीचा बाजार होता. लाह्या, बांगड्या आणि गोडीशेवेच्या पालांनी रस्ता भरून गेला होता. आमच्या एका अंगाला खुरपी-विळे विकणारे काका, दुसऱ्या अंगाला पंचांग, आरत्यांची पुस्तकं आणि पाढ्यांचे तक्ते मांडून बसणारे एक बाबा. सकाळी बाजारवसुलीच्या ठेकेदाराचा माणूस आला. भाजीवाल्या मावशींकडून त्यानं वीस रुपये घेतले, आमच्याकडं साठ मागितले. का विचारलं तर म्हणाला, तुमचा माल यादीत नाही, 'इतर'मध्ये धरतो. साठ दिले. पावती मागितली, तर पावतीपुस्तक हातात तसंच धरून त्यानं आम्हालाच विचारलं, "कशाची फाडू?"

तो उर्मट नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. भाजीपाला, फळं, किराणा, कापड, भांडी, चपला, शेळ्या-कोंबड्या असे त्याच्याकडं रकाने होते, आणि आमच्यासाठी शब्द नव्हता. पावती फाटली नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला अतिक्रमणाची गाडी आली. साहेबांनी पुस्तक उचललं, चाळलं आणि म्हणाले, पुस्तकं बाजारात विकायची नसतात, दुकान टाका. पावती दाखवा म्हणाले. पावती नव्हतीच. घडीचं टेबल आणि दोन पेट्या गाडीत गेल्या. तिसरी पेटी भाजीवाल्या मावशींनी आपल्या पालाखाली ओढून घेतली म्हणून राहिली. नेलेल्या मालाची यादी कुणी केली नाही. एकशे चाळीस प्रती होत्या. अकरा दिवसांनी परत मिळाल्या तेव्हा गोदामात पाणी गळून पानं एकमेकांना चिकटली होती, पिनांना गंज चढला होता. पन्नासच्या आसपास विकण्याजोग्या निघाल्या. शेजारच्या बाबांच्या आरत्यांना कुणी हात लावला नाही. लावायलाही नको होता. त्यांच्या घरची चूल त्या आरत्यांवर पेटते. पण छापलेला कागद बाजारात विकला जातो, वर्षानुवर्षं विकला जातो, एवढं तरी त्यावरून आपण मान्य करावं.

आता मूळ प्रश्न. पुस्तकं बाजारातच का विकायची?

जायकवाडीच्या पाण्यात गेलेल्या एका गावाची गोष्ट आम्ही केली होती. चोवीस पानांची. धरणाचं उद्घाटन १९७६ साली झालं. तेव्हा विशी-पंचविशीत असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांच्याकडून ऐकून, टिपून आम्ही गाव उभं केलं. पाचव्या पानावर विहीर, मोट आणि बैल. ते पान मी काढलं होतं आणि मला ते फार आवडायचं.

एका बाजारी एक आजोबा आले. धोतर, डोक्याला पटका, हातात बियाण्याची पिशवी. उभ्यानंच पानं उलटत गेले, पाचव्या पानावर थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोट ठेवून म्हणाले, "पोरी, बैल उलटे जुपलेस की गं. मोट भरून वर यायलीय ना? मग बैलाचं तोंड विहिरीकडं कसं? मोट वर यायची तर बैल धावंवरनं खाली जातेत, विहिरीकडं पाठ करून. अन् मोट सोडायची तवा मागं मागं सरतेत." मला समजलं नाहीसं वाटून ते खाली बसले आणि काठीनं मातीत धाव, म्हणजे बैलांचा उतार, काढून दाखवली. नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोर कुठून जातात, पाणी थारोळ्यात कसं पडतं. आजूबाजूला पाच-सहा जण जमले. एकजण म्हणाला, आमच्यात बैलाला गाणं म्हणायचे. दुसऱ्यानं ते गाणं म्हणून दाखवलं. माझ्या हातात पेन होता, मी प्रतीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून घेत होते. आजोबांचं गाव पाण्यात गेलेलं होतं. त्यांनी दोन प्रती घेतल्या आणि घासाघीस केली नाही.

तेच पान आम्ही तीन महिने आधी इंटरनेटवर टाकलं होतं. शे-दीडशे जणांना आवडल्याची खूण आली. बैल उलटे आहेत हे कुणी सांगितलं नाही. पुढच्या छपाईत मी ते पान नव्यानं काढलं.

ऊसतोडीवरच्या पुस्तकाचंही असंच झालं. आमचा लिहिणारा स्वतः कोयत्यावर गेलेल्या घरातला, त्यामुळं उचल म्हणून आगाऊ घेतलेले पैसे, मुकादम, गाडीत भरलेला संसार हे सगळं त्यानं नेमकं लिहिलं होतं. कारखान्याचा पट्टा पडून गाळप संपल्यावर, चैत्रात, एक मुलगी बाजारात आईच्या मागं मागं आली. अकरा-बारा वर्षांची असेल. उभ्यानं अख्खं पुस्तक वाचलं आणि सांगितलं, कोपीचं, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीचं, दार एवढं उंच नसतं, वाकून जावं लागतं. तिनं हातानं उंची दाखवली, आपल्या छातीपर्यंत. दार मी काढलं होतं, आणि मी कोपी फोटोत पाहिलेली होती. आईनं पैसे काढायच्या आधी मुलीनं विचारलं, ह्यातली पोरगी पुढं शाळंत जाते का? मला उत्तर देता आलं नाही. दुसरा भाग त्या प्रश्नामुळं लिहायला घेतला आहे.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले. त्या पुस्तकात भूकंपाच्या पानावर आम्ही एकही शब्द ठेवला नाही. औसा-निलंग्याकडच्या एका बाजारात एक बाई ते पान बघून पुस्तक मिटून उभी राहिली. मग तीस रुपये दिले आणि म्हणाली, "लेकराला दाखवीन. मी नाही बघायची." ती जाईपर्यंत आमच्यातलं कुणी काही बोललं नाही.

हे मी भावनेला हात घालायला सांगत नाही. सांगते आहे ते कामाबद्दल. आमची पुस्तकं ज्यांच्याबद्दल आहेत ती माणसं पुस्तकाच्या दुकानात जात नाहीत. दुकान बहुतेक तालुक्यांना नाहीच. असतं ते वह्या-गाइडांचं. ती माणसं बाजाराला मात्र येतात. ज्याला वाचता येत नाही तोही चित्रावरून गोष्ट लावतो आणि चुकलं असेल तर सांगतो. पुण्या-मुंबईत संपादक ज्या चुका काढतो, त्या आमच्या चुका मिरच्या घ्यायला आलेली माणसं काढतात, आणि त्यांच्याइतकं कुणालाच ते काढता येणार नाही. बाजार बंद झाला तर आमचं पुस्तक खपणार नाही एवढंच नाही, ते खोटं होत जाईल.

आम्हाला पुष्कळ ठिकाणी पर्याय सुचवले गेले. बहुतेक सगळे आम्ही करून पाहिले आहेत.

दुकानात ठेवा म्हणतात. प्रतीमागं आम्हाला सतरा-अठरा रुपये खर्च येतो, किंमत तीस. दुकानदार चाळीस टक्के कापतो, म्हणजे हातात अठरा येतात. दुकानदाराला दोष देत नाही, त्यालाही भाडं आहे. किंमत वाढवली तर बाजारातलं गिऱ्हाईक जातं. तीस रुपये ही चहा-भज्याला लागून असलेली किंमत आहे आणि आम्ही ती विचार करून धरली आहे. टपालानं पाठवायचं तर २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं, आणि स्पीड पोस्टानं बाहेरगावी पाठवायचं तर तीस रुपयांच्या पुस्तकाला किमतीपेक्षा जास्त टपालखर्च बसतो. साहित्य संमेलनात लावा म्हणतात. २०२० साली धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, आणि २०२२ साली उदगीरला अखिल भारतीय संमेलन झालं. दोन्हीकडं आम्ही ग्रंथप्रदर्शनात दिवसभर फिरलो, पिशव्या भरून पुस्तकं आणली, फार शिकायला मिळालं. पण तिथं येणारा माणूस आधीच वाचक असतो, आणि असं संमेलन आपल्या भागात पुन्हा कधी येईल ते कुणाच्या हातात नसतं. बाजार दर आठवड्याला भरतो.

'पुस्तकं बाजारात विकायची नसतात' हे वाक्य मला अजून टोचतं, कारण ते आपल्या मातीत तरी खरं नाही. वेरूळला सोळाव्या लेण्यात, कैलासात, मंडपाच्या बाहेरच्या भिंतीवर रामायण आणि महाभारत कोरलेलं आहे. एकाखाली एक पट्ट्या, प्रत्येक पट्टीत प्रसंग, पट्टी संपली की डोळा खालच्या पट्टीवर येतो. आमचं पानही असंच चालतं. आठव्या शतकात तो डोंगर फोडणाऱ्यांनी ती गोष्ट गाभाऱ्यात ठेवली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेवर, नजरेसमोर ठेवली. पैठणच्या नावानं ओळखली जाणारी जुनी चित्रं संग्रहालयांत आहेत. चित्रकथी ती पोथीसारखी बगलेत घेऊन गावोगाव जात, एकेक पान समोर धरून गोष्ट सांगत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ही कला आजही घराण्यांनी धरून ठेवली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही चौघांनी पेढे वाटले. चित्रकथ्यानं कधी गिऱ्हाईक आपल्या दारात यायची वाट पाहिली नाही. तो माणसं जमतात तिथं गेला.

परदेशातलं एकच सांगते, कारण ते आमच्या धंद्यातलं आहे. जपानमध्ये हौशी चित्रकथाकारांनी आपापली पुस्तकं टेबलावर मांडून विकायचा बाजार २१ डिसेंबर १९७५ ला टोकियोत पहिल्यांदा भरवला. तेव्हा जेमतेम बत्तीस गट होते. आज त्याच बाजाराला लाखोंनी माणसं येतात. आपल्या देशात दिल्लीला दर्यागंजचा रविवारचा जुन्या पुस्तकांचा बाजार २०१९ साली न्यायालयाच्या आदेशानंतर फूटपाथवरून उठला, आणि काही आठवड्यांनी जवळच्याच महिला हाटात त्याला जागा मिळाली. रस्ता मोकळा झाला आणि पुस्तकंही राहिली. जागा देणारं कुणीतरी होतं म्हणून ते झालं.

आता कायद्याचं. मी तो वाचला आहे, कारण पेट्या सोडवायला गेले तेव्हा कायदा वाचून या असं मला सांगण्यात आलं होतं.

पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं संरक्षण करणारा केंद्राचा कायदा २०१४ चा. त्यानं प्रत्येक शहरात समिती करायला सांगितली, अध्यक्षपदी आयुक्त किंवा मुख्याधिकारी, आणि किमान चाळीस टक्के सदस्य स्वतः विक्रेते, त्यांत एक तृतीयांश बाया. म्हणून हे पत्र साहेबांइतकंच, त्या समितीवर बसणाऱ्या काका-मावश्यांनाही आहे. याच कायद्यात विक्रेत्याला हलवायच्या आधी तीस दिवसांची नोटीस सांगितली आहे. माल जप्त केला तर त्याची यादी करून द्यायची, आणि नाशवंत नसलेला माल मागणी केल्यापासून कामाच्या दोन दिवसांत परत करायचा, असंही लिहिलं आहे. आमच्या बाबतीत यादी झाली नाही आणि दोनाचे अकरा दिवस झाले.

पण मी पूर्ण खरं सांगायला बसले आहे, तर पुढचंही सांगते. या कायद्याखालचं विक्रेत्याचं प्रमाणपत्र आम्हाला मिळणार नाही आणि आम्ही ते मागणारही नाही. ज्याला दुसरं उपजीविकेचं साधन नाही, त्यानं तसं हमीपत्र देऊन ते घ्यायचं असतं. मी चित्रकलेचे वर्ग घेते, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवते. आमचा हिशेब बघणारा मेडिकलच्या दुकानात आहे. चित्रकथेवर आमचं घर चालत नाही. खोटं हमीपत्र देऊन, ज्याचं पोट टोपलीवर आहे त्याच्या वाट्याचा नंबर आम्ही घेणार नाही. मावश्यांनो, काकांनो, तुमच्या ताटात हात घालायला आम्ही आलेलो नाही. म्हणून नोटिशीची आणि यादीची कलमं आमच्यासारख्याला अक्षरशः लागू होतात की नाही, यावर वकील वाद घालू शकतील. माझं म्हणणं एवढंच की माल उचलायची रीत लिहून ठेवलेली आहे, ती चांगली आहे, आणि आमच्या पेट्यांना ती लावली असती तर नव्वद पुस्तकं वाचली असती.

आम्हाला हवी आहे ती रोजपावतीवरची जागा, आठवड्यातून एक दिवस. तशी जागा बाजारात आजही शेकडोंना मिळते. वर्षातून एकदा राख्या, एकदा पणत्या, एकदा रंग-पिचकाऱ्या घेऊन बसणाऱ्यांना मिळते. तहबाजारीच्या, म्हणजे बाजारात बसायच्या शुल्काच्या, दरपत्रकात 'पुस्तके व चित्रकथा' ही एक ओळ घाला आणि तिच्यापुढं भाजीपाल्याचाच दर लिहा. पुढच्या वर्षीच्या ठेक्याची जाहिरात निघेल तेव्हा ही ओळ त्यात असू द्या, म्हणजे ठेकेदाराच्या माणसाला रकाना शोधावा लागणार नाही. छापील पुस्तकावर सरकार स्वतः जीएसटी घेत नाही. बाजारात मात्र आम्ही भाजीच्या तिप्पट देतो. जागा म्हणाल तर चार फूट लांब, चार फूट रुंद. आम्हाला पाल टाकायचं नाही, टेबलही नको असेल तर सतरंजीवर बसू. ओळीच्या शेवटी द्या, नाल्याच्या अंगाला द्या. फक्त माणसांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर द्या. बाजाराच्या मागं, भिंतीआड दिली तर देऊन न दिल्यासारखी होईल.

ही जागा आमची चौघांची नको. आमच्या ओळखीत परभणीला, नांदेडला, अंबाजोगाईला पोरं-पोरी आहेत, कुणी पाटीवर, कुणी मोबाइलवर, कुणी झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर चित्रकथा काढतात. चित्रकलेची पदविका घेऊन नोकरीची वाट बघणारे आहेत. त्यांतला कुणीही आपलं छापलेलं पुस्तक घेऊन आला तर त्यानं पावती फाडून त्या चार फुटांत बसावं. एका बाजारी एक, पुढच्या बाजारी दुसरा. पाळ्या आम्ही आपसात लावू, त्याचा त्रास कार्यालयाला होणार नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करून घेते, कारण पेट्या सोडवताना ती निघाली होती. मला विचारलं गेलं की पुस्तकात काय आहे ते आधी दाखवून मंजूर करून का घेत नाही. ते आम्ही करणार नाही. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यावर आमचं एक पुस्तक आहे. त्यात टँकरच्या रांगेचं पान आहे, रांगेत झालेल्या भांडणाचं पान आहे, आणि हौदाच्या काठावर उभ्या असलेल्या एका कर्मचाऱ्याचंही पान आहे. तो पुस्तकातला वाईट माणूस नाही, रात्रभर जागलेला माणूस आहे. तरी ते पान कुणाला आवडेल, कुणाला नाही. खुरपी विकणाऱ्या काकांना खुरप्यानं काय कापणार असं बाजारात कुणी विचारत नाही. देशाचे कायदे आम्हालाही आहेतच, त्यात चुकलो तर त्याचं त्याला उत्तर देऊ. कार्यालयाकडून आम्हाला जागेची पावती हवी आहे, गोष्टीची मंजुरी नको.

आपल्यातले काही अधिकारी म्हणतील, एवढ्याशा कामासाठी पत्र कशाला, ठेकेदाराशी बोलून घ्यायचं. बोललो. एका गावात ठेकेदार भला होता, त्यानं वर्षभर पंधरा रुपयांत बसू दिलं, पोरांना पुस्तकं वाटायला स्वतः दोनदा दहा-दहा प्रती नेल्या. मार्चमध्ये ठेका बदलला आणि आम्ही पुन्हा 'इतर'मध्ये गेलो. दरवर्षी नव्या माणसाच्या भलेपणावर पुस्तक छापायचं की नाही हे ठरवता येत नाही. छपाईचे पैसे आधी घालावे लागतात. तीनशे प्रतींचे पाच हजारांवर जातात, आणि ते आम्ही लग्नसराई संपायच्या आत प्रेसमध्ये भरतो, कारण लग्नपत्रिकांच्या दिवसांत आमचं काम मागं पडतं आणि पैसे भरलेले असले तरच प्रेसवाला मशिनीवर मधेच घेतो. कुठल्या बाजारात बसता येईल ते तेव्हा ठाऊक असलं, तर किती छापायचं ते ठरवता येतं. दरपत्रकातली एक ओळ आमच्यासाठी एवढ्या कामाची आहे.

ओल्या झालेल्या नव्वद प्रतींची भरपाई या पत्रानं मागत नाही. त्या प्रती आम्ही उन्हात वाळवल्या, ज्या उघडता आल्या त्या वर्गातल्या मुलांना दिल्या. काहींची चिकटलेली पानं मुलांनी वाफेवर धरून सोडवली, आणि जिथं चित्र निघून गेलं होतं तिथं स्वतः काढलं. त्यांतली दोन मुलं आता आपलं पुस्तक करायला बसली आहेत. एकाची गोष्ट हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजाराची आहे. वडिलांबरोबर देवणी गाय विकायला गेला होता तो दिवस. गाय फार सुंदर काढली आहे त्यानं. सोळा पानं होतील. दिवाळीपर्यंत छापून होईल, आणि ते पुस्तक घेऊन तो बाजारात बसेल तेव्हा त्याच्या हातात पावती असावी, असं मला फार वाटतं.

येत्या मंगळवारी आम्ही नेहमीच्या ठिकाणी, खुरपीवाल्या काकांच्या पलीकडं, पिंपळाच्या अंगाला बसणार आहोत. मोटेचं पान दुरुस्त केलेली नवी छपाई सोबत असेल. पावतीचे सुटे पैसे आणले आहेत. आपल्यापैकी कुणाला बोलायला यायचं असेल तर दुपारी बाराच्या आत यावं; त्यानंतर गर्दी होते आणि गिऱ्हाईक सोडून उठता येत नाही.

कळावे,
आपली नम्र,
मंगळवारच्या बाजारातली एक चित्रकथाकार